शेकोटी आणि निखारा : अणुगर्भाचे रसायन व आपला संसार



आपल्या गावात बाजारपेठेतून स्टँडकडे जाताना दोन-तीन दुकानांवर 'रेडियम आर्ट' अशी पाटी दिसते. मोटारसायकलीच्या नंबरप्लेटवर अक्षरे चिकटवायची असली, ट्रकच्या पाठीमागे 'आईचा आशीर्वाद' झळकवायचा असला, की आपण म्हणतो, "रेडियम लावून आण." त्या चकचकीत कागदात रेडियमचा एक कणही नसतो. पलीकडून पडलेला उजेड तो नुसता परतवून लावतो. पण हे नाव त्याला चिकटले कसे, याला इतिहास आहे. एके काळी घड्याळाच्या काट्यांना खरोखरीचे रेडियम लावीत असत, म्हणून ते काटे अंधारात चमकत. ती घड्याळे गेली, ते रेडियम गेले, चमकणाऱ्या वस्तूंच्या अंगावर नाव तेवढे राहिले.

शब्द असा भलत्या ठिकाणी चिकटला तर फारसे बिघडत नाही. पण भीती भलत्या ठिकाणी चिकटली म्हणजे माणसाचे हाल होतात. आजचा विषय मी निवडला तो याचसाठी.

आमच्या आळीतील एका वहिनींना थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, आणि नंतर किरणोत्सर्गी आयोडीनचे औषध देण्यात आले. काही दिवस त्यांना रुग्णालयातील वेगळ्या खोलीत ठेवले होते. घरी पाठविताना हाती एक कागद दिला. अमुक तारखेपर्यंत लहान मुलांना जवळ घेऊन बसू नये, गर्भवती स्त्रीपासून अंतर ठेवावे, भरपूर पाणी प्यावे, अशा सूचना त्यावर होत्या. ती तारीख आली आणि गेली. पण वहिनींचे ताट-वाटी वेगळे ते वेगळेच राहिले. अंथरूण बाहेरच्या खोलीत. दीड वर्षाचा नातू दारातून "आजी, आजी" करीत हात पसरी, आणि त्याला कोणीतरी उचलून आत नेई. असे तीन महिने चालले. घरातील माणसे वाईट नव्हती. चांगली शिकलेली होती. घराने सोवळे-ओवळे कधीच सोडले होते, पण किरणांच्या निमित्ताने ते नव्या रूपाने परत आले होते. एके दिवशी त्यांचा मुलगा माझ्याकडे आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "काका, किरणं गेली असतील का हो आता?"

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर थोडे मुळापासून सुरू केले पाहिजे.

हळदीत चुना कालवला की ती लाल होते, हे आपल्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लाकूड जळते, दूध नासते, लोखंड गंजते, हे सारे रसायनशास्त्राचे खेळ. या सर्व खेळांत अणूंच्या बाहेरच्या अंगणात फिरणारे इलेक्ट्रॉन तेवढे भाग घेतात. एकमेकांशी देवघेव करतात, भागी करतात. अणूच्या गाभ्यात जो अणुगर्भ बसलेला असतो, त्याला या घडामोडींचा पत्ताही नसतो. शनिवारवाड्याच्या पटांगणाएवढा अणू कल्पिला, तर त्याच्या मध्यभागी मोहरीच्या दाण्याएवढा अणुगर्भ येईल. पण अणूच्या वस्तुमानापैकी ९९.९ टक्क्यांहून अधिक त्या मोहरीत साठवलेले असते. तिच्यात दोन जातींचे कण आहेत: धनविद्युत्भार असलेले प्रोटॉन आणि भाररहित न्यूट्रॉन. प्रोटॉन किती, यावर मूलद्रव्याची जात ठरते. सहा असले की कार्बन, त्रेपन्न असले की आयोडीन, ब्याण्णव असले की युरेनियम. न्यूट्रॉन मात्र कमीअधिक असू शकतात. एकाच मूलद्रव्याच्या अशा भावंडांना समस्थानिके म्हणतात. आपल्या मिठातील साधे आयोडीन म्हणजे आयोडीन-१२७. वहिनींना दिलेले ते आयोडीन-१३१. रासायनिक वागणूक दोघांची एकच. थायरॉइड ग्रंथीला दोघांत फरक कळत नाही. ती दोघांनाही सारख्याच अगत्याने आत घेते. उपचाराची सारी युक्ती या अगत्यात आहे.

प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचे प्रमाण जमले नाही म्हणजे अणुगर्भ अस्वस्थ होतो. मग तो काहीतरी बाहेर टाकून स्वस्थ होऊ पाहतो. यालाच किरणोत्सर्ग म्हणतात. १८९६ साली, म्हणजे मुंबईत प्लेगने पाऊल टाकले त्याच वर्षी, पॅरिसमध्ये हेन्री बेकेरेल यांना युरेनियमच्या क्षाराजवळ काळ्या कागदात गुंडाळून ठेवलेली छायाचित्राची काच काळवंडलेली आढळली. दोन वर्षांनी मारी आणि पिएर क्यूरी या दांपत्याने पोलोनियम व रेडियम ही मूलद्रव्ये शोधून काढली. अणू अविनाशी आणि अविकारी आहे, ही शास्त्रज्ञांची जुनी श्रद्धा तेव्हापासून ढळली. युरेनियम आपल्या आपणच पायरी-पायरीने उतरत शेवटी शिसे होऊन बसते. १९१९ साली रदरफोर्ड यांनी नायट्रोजनवर अल्फा-कणांचा मारा करून त्याचा अणुगर्भ बदलता येतो हे दाखविले. किमयागारांनी शतकानुशतके ज्याचा ध्यास घेतला, तो परीस असा सापडला. मात्र त्याने सोने करायला गेल्यास खर्च सोन्याच्या किमतीहून कितीतरी अधिक येतो!

अणुगर्भातून बाहेर पडणारे किरण मुख्यतः तीन प्रकारचे. अल्फा-कण जड व आखूड पल्ल्याचे. साधा कागद आड धरला तरी अडतात. बीटा-कण म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन. ते ॲल्युमिनियमच्या काही मिलिमीटर जाड पत्र्याने थांबतात. गॅमा-किरण हे प्रकाशाच्याच कुळातले, पण फार भेदक. त्यांना थोपवायला शिशाचा जाड थर किंवा काँक्रीटची भिंत लागते. हे किरण शरीरातून जाताना पेशींतील रेणूंची मोडतोड करतात. थोडी मोडतोड शरीर दुरुस्त करते. फार झाली तर पेशी मरतात, आणि दुरुस्ती चुकली तर पुढे कर्करोगाचा संभव वाढतो.

आता अर्धायुष्य समजून घेऊ. समजा, या मांडवात ४०० श्रोते आहेत, आणि माझे व्याख्यान इतके रटाळ आहे की दर पाव तासाला उरलेल्यांपैकी निम्मे लोक उठून जातात. पाव तासाने २०० राहतील, अर्ध्या तासाने १००, पाऊण तासाने ५०. कोण उठणार, हे आधी सांगता येत नाही. पण किती उठणार, हे बऱ्याच नेमकेपणाने सांगता येते. अणूंचेही असेच. निम्मे अणू फुटायला लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य ८ दिवस, कोबाल्ट-६० चे सुमारे ५ वर्षे ३ महिने, कार्बन-१४ चे सुमारे ५,७३० वर्षे, आणि युरेनियम-२३८ चे सुमारे साडेचारशे कोटी वर्षे. उकळून, थंड करून, आम्ल ओतून किंवा मंत्र म्हणून हा काळ कमी-जास्त करता येत नाही. या दृढपणामुळेच तो घड्याळासारखा वापरता येतो. विलर्ड लिबी यांनी १९४० नंतरच्या दशकात कार्बन-१४ वरून जुन्या लाकडाचे व कोळशाचे वय काढण्याची रीत बसविली. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगावला उत्खनन झाले, तेथल्या शेतकऱ्यांची वस्ती तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची, हे सांगायला याच रीतीचा आधार मिळाला. जळक्या काडीने आपल्या पूर्वजांचे वय सांगितले, असे म्हणायला हरकत नाही.

निसर्गात सापडतात तेवढ्याच किरणोत्सर्गी पदार्थांवर माणूस थांबला नाही. १९३४ साली इरेन आणि फ्रेदेरिक जोलिओ-क्यूरी यांनी साध्या ॲल्युमिनियमपासून किरणोत्सर्गी फॉस्फरस तयार केला. तेव्हापासून हवी ती समस्थानिके 'पाडून' घेण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढे १९३८ च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये ओट्टो हान व फ्रिट्झ स्ट्रासमान यांना न्यूट्रॉनांचा मारा केलेल्या युरेनियममध्ये बेरियम आढळले. ब्याण्णव प्रोटॉनांच्या घरात छप्पन्न प्रोटॉनांचा पाहुणा आला कोठून? जर्मनी सोडून स्वीडनमध्ये आश्रय घेतलेल्या लिझे माइटनर आणि त्यांचे भाचे ओट्टो फ्रिश यांनी उलगडा केला, की युरेनियमचा गर्भच दुभंगला आहे. जगाचे राजकारण बदलून टाकणारा हा शोध अशा रीतीने रसायनशास्त्रज्ञांच्या परीक्षानळीतून बाहेर आला. अणुगर्भ दुभंगताना दोन-तीन न्यूट्रॉनही सुटतात. ते आणखी गर्भ फोडतात, आणि साखळी सुरू होते. ती मोकाट सुटली की बाँब; लगाम घातला की अणुभट्टी. एक ग्रॅम युरेनियम-२३५ पूर्ण भंगले तर सुमारे तीन टन चांगल्या कोळशाइतकी उष्णता मिळते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर आणि तीन दिवसांनी नागासाकीवर जगाने मोकाट साखळी पाहिली. लगाम घातलेली साखळी आपल्याकडे तुर्भ्याच्या 'अप्सरा' भट्टीत ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली, आणि १९६९ मध्ये तारापूरहून अणुवीज वाहू लागली.

हे झाले शास्त्र. आता व्यवहार. किरणांची गोष्ट निघाली की आपण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. एक, किरण अंगावर पडणे. दुसरी, किरण टाकणारा पदार्थ अंगाला लागणे किंवा पोटात जाणे. पहिली गोष्ट शेकोटीजवळ बसण्यासारखी आहे. दुसरी म्हणजे पदरात निखारा पडणे. शेकोटीपासून उठून आलेला माणूस दुसऱ्याला भाजत नाही. तो काही स्वतः निखारा झालेला नसतो. पदरात निखारा असेल तर मात्र तो जेथे जाईल तेथे विस्तव नेतो. हा एवढा फरक मनात पक्का झाला, तर आपल्या निम्म्या भीती जागच्या जागी विझतील.

पहिले उदाहरण कांद्याचे. नाशिक जिल्ह्यात लासलगावला २००२ पासून एक केंद्र आहे. तेथे कोबाल्ट-६० च्या गॅमा-किरणांसमोरून कांदा नेतात. किरणांमुळे कोंब फुटण्याची क्रिया थांबते, म्हणून तो अधिक टिकतो. २००७ साली आपला हापूस आंबा अमेरिकेच्या बाजारात पुन्हा गेला, तोही याच केंद्रातून किरण घेऊन. कारण आंब्याबरोबर तिकडे कीड जाऊ नये, अशी त्यांची अट होती. लोक विचारतात, "असा कांदा खाल्ला तर किरण पोटात जातील का?" नाही. कांदा शेकोटीसमोरून गेला; निखारा त्याला लागलेला नाही. कोबाल्ट पोलादी नळ्यांत बंद असतो, आणि त्याच्या गॅमा-किरणांत अन्नातील मूलद्रव्यांचे गर्भ बिघडविण्याइतका जोर नसतो. कांदा सडणार असेल तर तो तरीही सडेल. फक्त त्याला कोंब येणार नाही. इंजेक्शनच्या सुया, शस्त्रक्रियेचे टाके, हातमोजे यांचे निर्जंतुकीकरणही अशाच किरणांनी करतात, आणि ते आपण कधीपासून निःशंकपणे वापरीत आलो आहोत.

कर्करोगावर बाहेरून किरण देतात, त्याला कोणी 'लाईट देणे' म्हणतात, कोणी 'शेक देणे'. हा दुसरा शब्द मला फार अचूक वाटतो. तो शेकच आहे. यंत्र बंद झाले की किरण बंद. असा शेक घेऊन आलेल्या माणसाच्या अंगात काही उरत नाही. त्याच्या मांडीवर मूल बसले, त्याच्या ताटात कोणी जेवले, तरी कोणाला काही होत नाही.

निखारा मुद्दाम पोटात घेण्याचे प्रसंगही आहेत, आणि तेथे प्रश्न 'किती' आणि 'किती दिवस' असा विचारावा लागतो. हाडांच्या किंवा हृदयाच्या तपासणीसाठी टेक्नेशियम-९९एम नावाचे समस्थानिक शिरेतून देतात. त्याचे अर्धायुष्य अवघे ६ तास. ते इतके अल्पजीवी, म्हणून रुग्णालये त्याचे जनक मोलिब्डेनम-९९ आणून ठेवतात, आणि रोज सकाळी त्यातून ताजे टेक्नेशियम काढून घेतात. शास्त्रज्ञ थट्टेने त्या उपकरणाला 'गाय' म्हणतात, आणि या कामाला धार काढणे! या 'माग काढण्याच्या' विद्येचे जनक जॉर्ज हेवेशी. तरुणपणी मँचेस्टरला ते खानावळीत जेवत. मालकीणबाई उरलेले मांस पुढच्या दिवशी नव्या पदार्थात घालतात, असा त्यांना संशय होता. बाई कबूल होईनात. तेव्हा हेवेशींनी ताटातील उरल्या घासात किंचित किरणोत्सर्गी द्रव्य मिसळले, आणि पुढे पानात आलेल्या पदार्थाजवळ उपकरण धरून चोरी पकडली, अशी गोष्ट सांगतात. त्यांना पुढे १९४३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते अर्थातच खानावळीबद्दल नव्हे. पण युक्ती तीच.

आणि काही ठिणग्या तर आपण जन्मापासून बाळगतो. केळे, बटाटा, नारळपाणी, डाळी यांतून मिळणाऱ्या पोटॅशियममध्ये अत्यल्प पोटॅशियम-४० असते. प्रौढ माणसाच्या शरीरात त्याचे दर सेकंदाला सुमारे चार हजार अणू फुटत असतात. जुन्या लग्नांत, तमाशाच्या फडांत आणि अशाच व्याख्यानांत ज्या गॅसबत्त्या लखलखत, त्यांच्या पांढऱ्या जाळीत, म्हणजे बाजारातल्या 'मेंटल'मध्ये, थोरियम असे. जमीन, आकाश, हवा आणि अन्न मिळून जगातील माणसाला सरासरी वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट इतकी किरणमात्रा निसर्गतः मिळते. छातीच्या एका साध्या एक्स-रेने ०.१ मिलिसीव्हर्टहूनही कमी मिळते, सी.टी. स्कॅनने काही मिलिसीव्हर्ट. आणि चार-पाच हजार मिलिसीव्हर्ट एकदम सर्वांगाला मिळाले व उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसे दगावतात. यावरून दिसेल की 'किरण आहेत का?' हा प्रश्नच अपुरा आहे. मीठ आमटीतही असते आणि समुद्रातही. सी.टी. स्कॅन गरजेला जरूर करावा. शेजाऱ्याने केला म्हणून हौसेने करू नये.

मी भीती घालवायला उभा आहे, सावधपणा घालवायला नव्हे. निखारा खरोखरीच भाजतो. अमेरिकेत १९२० च्या सुमारास घड्याळांच्या तबकड्या रंगविणाऱ्या मुली ब्रशाचे टोक ओठांनी अणकुचीदार करीत. रेडियम त्यांच्या हाडांत जाऊन बसले. जबडे झिजले, कित्येकजणी मेल्या. १९८६ साली चेर्नोबिलची भट्टी फुटली, तेव्हा आयोडीन-१३१ गवतावर पडले, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या गळ्यात गेले. पुढे त्या भागात मुलांच्या थायरॉइड-कर्करोगाचे प्रमाण वाढले. ते दूध वेळीच थांबविले असते, तर पुष्कळ मुले वाचली असती. २०११ मध्ये फुकुशिमाने हेच पुन्हा बजावले, की अणुभट्टीजवळ गाफीलपणाला जागा नाही. भट्टीतून निघालेले काही अवशेष तर हजारो वर्षे सांभाळावे लागतात. हे ओझे आपण ज्यांना विचारले नाही अशा पिढ्यांच्या शिरावर ठेवतो आहोत, याचे भान वीज वापरताना असले पाहिजे.

आणि आपल्या देशातले उदाहरण फार दूरचे नाही. २०१० च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात एका प्रयोगशाळेतील जुने, वर्षानुवर्षे पडून राहिलेले यंत्र लिलावातून आले. कामगारांनी ते फोडले. आत कोबाल्ट-६० होता. एकाचा मृत्यू झाला, आणखी काहींना गंभीर इजा झाल्या. लिलाव करणारे शिकलेले होते. फोडणाऱ्यांना मात्र कोणी काही सांगितले नव्हते. ज्ञान एका टेबलावर अडून राहिले आणि निखारा गरिबाच्या हाती गेला. पिवळ्या जमिनीवर, मध्ये टिंब आणि भोवती बेलाच्या पानासारखी तीन काळी किंवा जांभळी पाती, अशी खूण आहे. ती आपण सर्वांनी, विशेषतः भंगारवाल्यांनी, ओळखली पाहिजे. तशी वस्तू दिसली तर हात लावू नये, दूर जावे, इतरांना दूर ठेवावे आणि पोलिसांना कळवावे. किरणांपासून बचावाचे नियम तीनच: जवळ थोडा वेळ थांबा, लांब राहा, मध्ये आडोसा घ्या. शेकोटीचेही तेच नियम आहेत.

आता वहिनींच्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. त्यांच्या पोटात गेला तो निखाराच होता, हे खरे. म्हणून रुग्णालयाने तारीख घालून दिली होती, आणि ती पाळणे योग्यच होते. पण त्या दिवशी औषध देऊन ८० दिवस उलटले होते. मी भिंतीवरची दिनदर्शिका काढून तिच्या पाठीवर त्याच्याकडूनच हिशेब करविला. ८ दिवसांनी निम्मे, १६ दिवसांनी पाव, २४ दिवसांनी अष्टमांश... दहाव्या ओळीला तो १,०२४ वा हिस्सा लिहून थांबला. "आणि यातले बरेचसे तर पहिल्या काही दिवसांतच लघवीवाटे निघून गेले असणार," मी म्हणालो. तो बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे इतके दिवस आम्ही आईला उगीचच..." वाक्य त्याने पुरे केले नाही.

जपानमध्ये बाँबमधून वाचलेल्या माणसांना 'हिबाकुशा' म्हणतात. त्यांतल्या अनेकांना पुढे कामधंदा मिळेना, सोयरीक जमेना; आगीतून वाचलेल्यांना शेजाऱ्यांच्या भीतीने दुसऱ्यांदा भाजले. तेव्हा आपणांस माझी विनंती एवढीच, की किरणांचे नाव कानी पडले म्हणजे लगेच दार लावू नये. आधी तीन प्रश्न विचारावेत: ही शेकोटी आहे की निखारा? मात्रा किती? आणि किती दिवसांची? डॉक्टरांना विचारावे, शिक्षकांना विचारावे, संकोच करू नये. उत्तर मिळाले की त्याप्रमाणे पाळायचे ते कसोशीने पाळावे, आणि मुदत संपली की वेगळे ठेवलेले ताट पुन्हा पंक्तीत मांडावे.

त्या संध्याकाळी वहिनींचे ताट पंक्तीत मांडले गेले. नातू तीन महिन्यांत वजनाने वाढला होता. त्याला उचलताना त्यांना थोडे जड गेले, असे त्यांच्या मुलाने मला मागाहून सांगितले.